जयाचे वाटेकरी

सामना संपल्यावर माणसे जे पहिले वाक्य बोलतात त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. ‘आपण जिंकलो’ हे ते वाक्य होय. ठाण्याच्या पूर्वेस, रूळ आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या आमच्या कोपरीत ते आम्ही आजवर शेकडो वेळा ऐकले आहे. बोलणाऱ्याने उभ्या जन्मात चेंडूला पाय लावलेला नसतो. ज्या अकरा जणांनी सामना जिंकला त्यांपैकी एकाशीही त्याची ओळख नसते, आणि त्यांच्यापैकी कोणी उद्या त्याच्या दारात उभा राहिला तर तो त्यास ओळखीलच असेही नाही. तरी ‘ते जिंकले’ असे शब्द त्याच्या जिभेवर येत नाहीत. पराभवानंतर मात्र हाच कर्ता पुष्कळदा प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात जातो, आणि ‘आपण हरलो’ याऐवजी ‘गाढवांनी घालवला’ असे ऐकू येते. हा पुरुषबदल नीतिविचाराचा विषय आहे असे आमचे मत आहे. (आम्ही स्वतः एकटेच असून मासिकांच्या रिवाजाप्रमाणे ‘आम्ही’ म्हणून लिहितो, तेव्हा या बाबतीत आमचेही हात अगदी स्वच्छ नाहीत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.)

गीतेने कर्म करणारास फळाची आसक्ती सोडावयास सांगितले, आणि त्या उपदेशावर आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून टिळकांपर्यंत थोरांनी विपुल विचार केला आहे. पण ज्याने कर्मच केले नाही आणि फळावर मात्र हात ठेवला, त्याची वाट काय? खेळाडूने फळाचा त्याग केला म्हणून ते फळ मैदानावर पडून राहत नाही. कुंपणाबाहेरचे हजारो लोक ते उचलून आपापल्या घरी नेतात. यास चोरी म्हणावे तर धन्याची तक्रार नाही. उलट न्यावयास कोणी आलेच नाही तर धनीच हिरमुसला होतो. वारसा म्हणावा तर नाते कोणते? दान म्हणावे तर दात्याने हातावर पाणी केव्हा सोडले?

प्रेक्षक सर्वस्वी निष्क्रिय असतो हे गृहीत तरी खरे आहे काय, हेही पाहिले पाहिजे. मध्य युरोपातील निरनिराळ्या देशांच्या क्लबांत फुटबॉलची एक बाद पद्धतीची स्पर्धा १९२७ साली सुरू झाली. व्हिएन्नाचे ह्यूगो माइझ्ल हे तिचे प्रमुख प्रवर्तक. तीस मित्रोपा कप म्हणत. तिच्या १९३२ च्या मोसमात उपान्त्य फेरीत प्रागचा स्लाविया आणि तुरीनचा युव्हेंतुस यांची गाठ पडली. प्राग येथे स्लावियाने ४-० असा विजय मिळविला. तुरीन येथील परतीच्या सामन्यात युव्हेंतुस २-० ने पुढे असता प्रेक्षकांतून आलेला दगड स्लावियाचा गोलरक्षक प्लानिच्का यास लागला, आणि स्लावियाचा संघ मैदान सोडून गेला. चालकांनी दोन्ही संघांस स्पर्धेतून काढून टाकले. दुसऱ्या बाजूने अंतिम फेरीत येऊन थांबलेला बोलोन्याचा संघ अंतिम सामना न खेळताच विजेता ठरला! बोलोन्याच्या नागरिकांनी त्या दिवशी कोणते क्रियापद वापरले असेल याचे आम्हांस कुतूहल आहे. परंतु आमच्या प्रश्नाला उपयोगी गोष्ट तुरीनची आहे. जो प्रेक्षक दगडाने आपल्या संघाचा घात करू शकतो, तो कर्मशून्य नव्हे. अपयशात त्याचा हात असू शकतो हे एकदा मान्य केले म्हणजे यशात त्याचा काडीइतकाही भाग नाही असे म्हणणे कठीण होते. कूपरेजच्या गर्दीत पंधरा वर्षांचा एक मुलगा घसा फुटेपर्यंत ओरडला, म्हणून चेंडू कोठे गेला असेल असे आम्ही म्हणत नाही. पण तो मुलगा अगदीच रिकाम्या हाताने उभा नव्हता इतके म्हणतो.

तो मुलगा म्हणजे आमचे वडील. १९४० साली मुंबईच्या रोव्हर्स कपाचा अंतिम सामना पाहावयास ते ठाण्याहून विजेच्या गाडीने बोरीबंदरास गेले आणि तेथून पायी कूपरेजवर पोहोचले. पुढे आयुष्यभर ते त्या सामन्याविषयी बोलत. या निबंधाचे मूळ त्या बोलण्यात आहे, आणि त्यामुळे झालेल्या एका तंट्यातही आहे.

रोव्हर्स कप ही या देशातील अगदी जुन्या स्पर्धांपैकी एक. सिमल्याची ड्यूरंड स्पर्धा १८८८ ची, मुंबईची ही १८९१ ची, आणि कलकत्त्याची आय. एफ. ए. शील्ड १८९३ ची. पहिल्या वर्षी रोव्हर्स कप वूस्टरशायर पलटणीने जिंकला, आणि पुढे कित्येक वर्षे तो एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे जात राहिला. खेळ साहेबाचा, मैदान साहेबाचे, पंच साहेब, आणि टाळ्याही बहुतांशी साहेबाच्याच. १९११ साली कलकत्त्यास मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून शील्ड मिळविली, तेव्हा त्या अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. ही कथा मुंबईस ठाऊक होती. पण मुंबईच्या कपावर एतद्देशीयाचा हात पडला नव्हता. १९२३ साली मोहन बागान येथे आले, अंतिम सामन्यापर्यंत चढले, आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून ४-१ असे हरले. पुढे चौदा वर्षे गेली. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स कप जिंकला. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी संघ. १९३८ सालीही कप त्यांच्याकडेच राहिला.

बाद पद्धतीची स्पर्धा साखळीच्या स्पर्धेहून निष्ठुर असते. एकदा हरला तो घरी गेला. चूक सुधारावयास पुढचा आठवडा नाही. म्हणून अशा स्पर्धेत प्रेक्षकाचे ‘आपण’ अधिक उत्कट होते, आणि अधिक अविचारीही.

१९४० च्या अंतिम सामन्यात गोरी पलटण नव्हतीच. एका बाजूस बंगलोर मुस्लिम्स आणि दुसऱ्या बाजूस कलकत्त्याचा महमेडन स्पोर्टिंग. हा दुसरा क्लब रोव्हर्स कपाचाच समवयस्क, १८९१ चा. १९३४ साली कलकत्त्याची लीग जिंकणारा पहिला हिंदी संघ तो. ती त्याने १९३८ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे जिंकली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून खेळाडू गोळा करावयाचे, आणि पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावर अनवाणी पायांचा अभिमान सोडून बूट चढवावयाचे, असे व्यवहारी शहाणपण या क्लबाने दाखविले होते. मुंबईचा तो सामना त्याने १-० असा जिंकला. युद्ध सुरू झाले होते आणि पलटणींचे चित्त खेळात नव्हते, म्हणून हे साधले, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीस ड्यूरंडच्या अंतिम सामन्यात याच संघाने रॉयल वॉरिकशायर पलटणीस २-१ असे हरविले, आणि ड्यूरंड जिंकणारा पहिला हिंदी संघ हाही मान मिळविला. तेव्हा तो आक्षेप फारसा टिकत नाही.

वडील म्हणत, “त्या दिवशी कोणीही जिंकले असते तरी आपणच जिंकणार होतो.” अंतिम सामन्यातून राज्यकर्ता बाहेर पडला होता, हाच त्यांच्या मते खरा विजय, उरलेला एक गोल हा केवळ शिष्टाचार. पंधरा वर्षांच्या मुलास हा विचार शोभतो, आणि तो खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या मैदानावर सर्वांचाच हिशेब असा नव्हता. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरचा ठराव झाला होता. जे संघ जिंकत होते त्यांच्या नावांतच एका समाजाचे नाव होते. कोणी त्या गोलाने देशाची मान उंचावली असे मानले, कोणी आपल्या समाजाची. गोल एकच होता, पण तो दोन खात्यांवर जमा झाला. आणि ज्याने तो मारला त्याच्या मनात चेंडूव्यतिरिक्त त्या क्षणी काही असेल असे निदान आम्हांस तरी वाटत नाही.

या दुहेरी जमाखर्चाचे पाप एका समाजाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या क्रिकेटने तर या पद्धतीची पेढीच उघडली होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे संघ पाडून चौरंगी सामने होत. १९३७ पासून ‘इतरेजन’ मिळून ते पंचरंगी झाले. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी या जातवार सामन्यांविरुद्ध मत दिले. शाळा-कॉलेजांचे वा संस्थांचे संघ समजू शकतात, पण धर्मांचे संघ कशाकरिता, असा त्यांचा आशय होता. त्या वेळी पुष्कळ रसिकांस तो अरसिकपणा वाटला. १९४६ मध्ये ते सामने बंद झाले. क्रिकेटच्या त्या हिंदू संघाची आतली गोष्ट तर आणखी बोधक आहे. पळवणकर बाळू हा त्या काळचा असामान्य गोलंदाज. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस हरविले, त्यात त्याचा वाटा मोठा होता. पण तो चर्मकार समाजातला, म्हणून पुण्यास खेळत असता त्यास चहा दिला जाई तो पॅव्हिलियनच्या बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात. त्याने घेतलेले बळी ‘आपले’ होते. त्याने तोंडाला लावलेले भांडे आपले नव्हते. कर्णधारपद त्यास कधीच मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास १९२३ साली मिळाले, म्हणजे मोहन बागान कूपरेजवर हरले त्याच वर्षी. आरंभी आम्ही विचारले होते की प्रेक्षकाने फळ उचलणे ही चोरी होय काय. सर्व प्रेक्षकांविषयी त्याचे उत्तर देण्यास आम्ही अजूनही धजत नाही. परंतु ज्याच्या पंक्तीस बसावयाचे नाही त्याच्या विजयात वाटा मागणे, यास दुसरे नाव आम्हांस सापडत नाही.

आता त्या तंट्याकडे येतो. कोपरीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली. आमच्या शेजारी असेच एक गृहस्थ राहत. मूळचे कराचीचे, १९४८ च्या जानेवारीत तेथे दंगल उसळली तेव्हा घरास कुलूप लावून, किल्ली खिशात घालून ते बोटीने मुंबईस आले. ती किल्ली त्यांच्या गल्ल्यात आम्ही पाहिली आहे. कापडाचे लहानसे दुकान, माणूस अबोल, व्यवहारास चोख. वडील शाळामास्तर, दोघांचे वय जवळपास सारखे. ते वडिलांस ‘मास्तर’ म्हणत आणि वडील त्यांस ‘शेठ’. संध्याकाळी ओट्यावर बसून दोघांत एक वर्तमानपत्र चाले.

२५ जून १९८३ च्या मध्यरात्री लॉर्ड्सवरून क्रिकेटच्या विश्वचषकाची वार्ता आली आणि कोपरीत फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः घरोघर फिरले. “आपण जिंकलो, मास्तर,” असे म्हणत त्यांनी आमच्या हातावर पेढा ठेवला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडिलांना अशा वेळी १९४० आठवणे अपरिहार्यच होते. “अहो शेठ, आपण तर चाळीस सालीसुद्धा जिंकलो होतो,” असे म्हणून त्यांनी कूपरेजची कथा सुरू केली. ती शेठनी पूर्वी कधी ऐकली नव्हती हे आम्हांस तेव्हा समजले. संघांची नावे येताच त्यांचा चेहरा बदलला.

“मास्तर, तुमचे हे ‘आपण’ म्हणजे कोण कोण?”

वडील म्हणाले, “आपण म्हणजे आपण. दुसरे कोण?”

“मीही तेव्हा नाचलो होतो,” शेठ म्हणाले. “दिल्लीला गोऱ्या पलटणीला हरवले ती बातमी कराचीला आली, तेव्हा आमच्या गल्लीतली सगळी पोरे रस्त्यावर आली होती. सगळी, मास्तर. सात वर्षांनी त्याच गल्लीतून मी निघालो. नंतर मला ते नाचणे आठवले की लाज वाटते. तुम्ही म्हणा ‘आपण’. मला म्हणता येत नाही.”

वडील मास्तर होते, आणि मास्तरांस प्रत्येक वाक्याची दुरुस्ती करण्याची खोड असते. ते म्हणाले की ज्या संघांची गोष्ट आहे ते कलकत्त्याचे आणि बंगलोरचे. ते कोठेही गेले नाहीत, येथेच राहिले. फाळणीनंतर पुढच्याच वर्षी, १९४८ साली, बंगलोर मुस्लिम्सनेच पुन्हा रोव्हर्स कप जिंकला. तेव्हा कराचीच्या दंगलीचा राग त्यांच्यावर काढणे हे शुद्ध अन्यायाचे आहे. युक्तिवादात खोट नव्हती. शेठ उठून गेले, आणि सुमारे दोन महिने त्या ओट्यावर वर्तमानपत्र एकट्यानेच वाचले गेले.

त्या वेळी आम्हांस वडील बरोबर वाटले होते. आता वाटते की त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. शेठ संघांवर खटला भरीत नव्हते. ते स्वतःच्या आनंदाची चौकशी करीत होते. एकदा ज्यांच्यासह हर्ष केला त्यांच्यापासून पुढे फारकत झाली, तर तो हर्ष मागाहून खोटा ठरतो काय? एका पक्षी असे म्हणता येते की जो अनुभव त्या क्षणी खरा होता त्यास पुढचा काळ असत्य करू शकत नाही. लग्न पुढे मोडले म्हणून पंक्तीतले जेवण उपाशीपणाचे ठरत नाही. पण माणसाचे स्मरण हे भूतकाळाचे केवळ भांडार नसते. जो आनंद आठवताना आज घशाखाली उतरत नाही तो कालच्या तारखेस खरा होता, एवढ्याने त्या माणसाचे समाधान व्हावे असा हुकूम कोणी द्यावा? ज्याचे घर गेले नाही त्याने तर नव्हेच.

आणि असे तुटलेले ‘आपण’ एकट्या आमच्याच वाट्यास आले असेही नाही. ज्या मित्रोपा कपाची गोष्ट वर सांगितली, त्यातून १९३८ साली ऑस्ट्रियाचे क्लब नाहीसे झाले, कारण त्या वर्षीच्या मार्चमध्ये जर्मनीने तो देशच गिळला होता. १९४० साली बुडापेस्टचा फेरेन्त्स्वारोश आणि बुखारेस्टचा रापिद हे अंतिम फेरीत पोहोचले. रापिद तर उपान्त्य फेरीची बरोबरी सुटेना म्हणून दैवाच्या कौलाने पुढे आला होता. त्यांचा अंतिम सामना कधी झालाच नाही. त्याच ऑगस्टात उत्तर ट्रान्सिल्व्हानिया रुमानियाकडून काढून हंगेरीस देण्यात आला होता. त्या प्रदेशातील ज्या माणसाने रापिदसाठी टाळ्या वाजविल्या असतील त्याचे ‘आपण’ एका सहीने दुसऱ्या देशात गेले. मुंबईचा सामना निदान खेळला तरी गेला.

आपल्याकडे भाऊबंदकीत वाटणीपत्र होते तेव्हा जमिनीचे तुकडे पाडतात, भांडी मोजतात, आढे मधोमध धरून भिंत घालतात; पण विहीर बहुधा सामाईक ठेवतात. एखादा भाऊ पुढे त्या विहिरीचे पाणी भरीत नाही. तो त्याचा अधिकार आहे, आणि त्यास ओढून पाण्यावर नेणे हे क्रौर्य होईल. पण त्याने भरले नाही म्हणून विहीर आटत नाही, आणि तीत त्याचा वाटा उरला नाही असे दुसऱ्या भावानेही म्हणता कामा नये. वडिलांचा जर काही दोष असेल तर तो, आमच्या मते, त्यांनी ‘आपण’ म्हटले हा नसून, शेठनी ते का म्हणू नये हे ऐकून घेण्यापूर्वीच त्यांस त्यात ओढले, हा होता. हा दोष सूक्ष्म आहे. उदार माणसांकडूनच तो विशेष घडतो, कारण कृपण माणूस मुळी कोणास आत ओढीतच नाही.

दोन महिन्यांनी ओट्यावरची बैठक पुन्हा सुरू झाली. कशी, ते आम्हांस ठाऊक नाही. फुटबॉलचा विषय मात्र दोघांनी पुढे कित्येक वर्षे काढला नाही. आम्ही कॉलेजात असता एकदोनदा कूपरेजवर जाऊन रोव्हर्स कपाचे सामने पाहिले, आणि घरी येऊन वडिलांस हळूच निकाल सांगितला. २००० च्या मोसमानंतर ती स्पर्धाच बंद पडली. तिच्यासाठी मुंबईत कोणी फारसे अश्रू गाळले असे दिसले नाही.

वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात शेठ रोज संध्याकाळी येऊन खाटेशी बसत. एक दिवस त्यांनी आपण होऊन विचारले, “मास्तर, तो मुंबईचा गोल कसा झाला होता?”

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरे सांगू, शेठ? मी पाहिलाच नाही. माझ्या पुढे एक उंच माणूस उभा होता. एकदम आरोळी उठली. तो माणूस मागे वळला आणि त्याने मला उचलून छातीशी धरले. तेव्हा समजले की गोल झाला.”

इतकी वर्षे आम्ही ती कथा ऐकत होतो. हा भाग आम्हांसही नवा होता.

“त्याने तुमचे नाव विचारले?”

“नाही.”

“तुम्ही त्याचे?”

“नाही हो. कोणाला सुचते तेव्हा?”

शेठनी मान हलविली. थोड्या वेळाने त्यांनी विचारले की परत यावयास रात्र झाली असेल, मग घरी काय म्हणाले. वडिलांचे वडील ठाणे स्टेशनावर हातात छत्री घेऊन उभे होते, आणि त्या छत्रीचा त्यांनी काय उपयोग केला, ते वडिलांनी सांगितले, तेव्हा दोघेही पुष्कळ वेळ हसत होते.